रविवारचं पाणी

काचेजवळ गेले की ते आधी उजवा हात उलटा करायचे आणि बोटांची मागची बाजू काचेला टेकवायचे. डोळे मिटून तीन-चार सेकंद तसेच उभे राहायचे. मग हात काढून, खोलीत कोणी असो वा नसो, मोठ्याने सांगायचे, “ताप नाही.”

मी मुलांची डॉक्टर आहे. दिवसभर लहान लहान कपाळांना हात लावणं हेच माझं काम. त्यामुळे हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच फुटलं. शेजारीच भिंतीवर चांगला थर्मामीटर टांगलेला होता. मी तो दाखवला तर म्हणाले, “ते आकडा सांगते. मी तब्येत विचारून राहिलो न.”

“आणि ताप निघाला तर?”

“काचेला ताप येत नाही, डॉक्टरीणबाई. थंडी वाजते. पण विचारायची पद्धत एकच.”

हे माझ्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या मेघनाचे वडील. आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावात मेघनाचं घर आमच्या घरापासून चार दारं पुढे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. नागपूरच्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं वास्तुकलेचा इतिहास शिकवला होता. उंच, जरासे वाकलेले, गळ्यात मफलर आणि अंगात मेघनाचं हॉस्पिटलचं जुनं निळं फ्लीसचं जाकीट. ते घालून दुकानात गेले की काउंटरवरच्या मुली त्यांना डॉक्टर समजायच्या आणि गुडघेदुखीवर सल्ला विचारायच्या. ते सल्ला द्यायचेही.

तुमच्यापैकी जे परदेशात राहतात त्यांना ठाऊक असेल, आपले आईवडील इकडे येतात ते उन्हाळ्यात. मे महिन्यात बॅगा भरून लोणचं-चकल्या घेऊन उतरतात, दहा वाजेपर्यंत मावळत नाही म्हणून सूर्याचं कौतुक करतात, आणि ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं तासभर मागे सरकवायच्या आत परत जातात. हिवाळ्यातलं आयर्लंड आपण त्यांना दाखवत नाही. घरातली पडझड पाहुण्यांपासून लपवतो, तसंच ते. काका एकटे उलटे होते. दिवाळी आटोपली की यायचे, तीन महिन्यांचा व्हिसा पुरेपूर वापरायचे आणि फेब्रुवारीच्या एक तारखेला जायचे. ज्या दिवसांत आम्ही भारताची तिकिटं शोधत असायचो, त्या दिवसांत हा माणूस नागपूरची गुलाबी थंडी सोडून इथल्या चिखलात उतरायचा.

कारण मेघना होती.

मेघना भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या टेबलावर घाबरलेल्या माणसाशी ती ज्या आवाजात बोलते, तो आवाज मी आयुष्यात दुसऱ्या कुणाचा ऐकलेला नाही. तिचा नवरा ज्या वर्षी घर सोडून गेला त्या वर्षीचा हिवाळा आम्ही सगळ्यांनी पाहिला. भांडण नाही, तंटा नाही. त्याला दुसऱ्या देशात नोकरी लागली, तो गेला, आणि मग कळलं की तो एकटा गेलेला नाही. ती कामावर येत राहिली. कॉरिडॉरमध्ये दिवसातून तीनदा भेटायची. मी विचारायचे, “कशी आहेस?” ती म्हणायची, “ग्रँड.”

‘मजेत’ अशा अर्थाचा हा शब्द इथे फार स्वस्त आहे. पाय मोडलेला माणूससुद्धा स्ट्रेचरवरून ‘ग्रँड’ म्हणतो. मला त्या शब्दाखालचं ऐकू येत होतं. मी कानाडोळा केला. “तिला जरा स्पेस देऊ या,” असं मी नवऱ्याला म्हणाले, आणि ते बोलल्याबद्दल स्वतःला शहाणीही समजले. चार दारांचं अंतर होतं. त्या सबंध हिवाळ्यात मी ते एकदाही चालून गेले नाही.

ओळखलं ते नागपुरात बसलेल्या माणसानं. दर रविवारी इथल्या दुपारी एक वाजता दोघांचा व्हिडिओ कॉल असायचा आणि तिच्या मागे पडदा ओढलेला असायचा. ते म्हणाले, “पडदा उघड न.” ती म्हणाली, “बाबा, इथे हिवाळ्यात काळोखच असतो.” त्यांनी फोन ठेवला आणि घराचा नकाशा काढला. घर घेताना तिनं कौतुकानं पाठवलेला होता तो. खिडकीची दिशा पाहिली, गावाचा अक्षांश पाहिला आणि विद्यार्थ्यांना आयुष्यभर शिकवलेलं गणित स्वतःच्या मुलीसाठी मांडलं.

“क्षितिजापासून तेरा अंश वर सूर्य होता,” हे त्यांनी मला पुढे सांगितलं. “डिसेंबरात, त्या वेळेला, त्या खिडकीत सरळ. ढग असतील, ऊन नसेल, मान्य. पण काळोख नव्हता. अन् पोरगी मला काळोख सांगून राहिली होती.”

व्हिसा हातात पडेपर्यंत तो हिवाळा सरला. तोवर ते रोज दुपारी फोन करून तिच्याकडून पडदा उघडवून घ्यायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण शेळी एकच होती आणि बिचारी ऐकत होती. पुढच्या वर्षी दिवाळीचा फराळ बांधून ते स्वतःच हजर झाले.

मेघनाच्या घरामागे एक काचेची खोली होती. इथल्या बऱ्याच घरांना असते, सनरूम म्हणतात. सन मात्र क्वचित असतो. तिच्या सनरूममध्ये नवऱ्याची सायकल, गोल्फची पिशवी, कपडे वाळत घालायचा घोडा आणि न उघडलेली खोकी कोंबलेली होती. दाराला कुलूप. काकांनी दुसऱ्याच दिवशी ते उघडलं. नवऱ्याचं सामान कुठे गेलं ते मी विचारलं नाही. आठवड्याभरात तिथली फरशी दिसू लागली, आणि मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेघनाच्या नंबरावरून एक निरोप आला: घरी पार्सलसोबत येणारा फुग्याफुग्यांचा प्लास्टिक कागद कोणी फेकू नये, इकडे आणून द्यावा.

तो त्यांनी एक काच सोडून बाकी सगळ्या काचांना आतून लावला. पाण्याचा हात फिरवला की चिकटतो आणि थंडी अडवतो. मग ग्रुपवर दुसरा निरोप आला. ज्यांच्या तुळशी मरणपंथाला लागल्या असतील त्यांनी आणाव्यात, कढीपत्ताही चालेल.

आता तुम्हाला इथल्या तुळशींची गोष्ट सांगायला हवी. आयर्लंडमधल्या प्रत्येक मराठी घरात खिडकीत एक तुळस असते आणि ती प्रत्येक डिसेंबरात मरते. आम्ही थंडीला दोष देतो. मी माझी नेली तेव्हा तिची चार पानं उरली होती, तीही काळी. काकांनी बोट मातीत खुपसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“रोज पाणी घालते?”

“रोज. आंघोळ झाल्यावर. आई घालायची तसं.”

“तुझी आई नागपुरात घालायची की पुण्यात?”

“पुण्यात.”

“तिथे ऊन पाणी पिते, बाई. इथे कोण पिणार? हे थंडीनं नाही मेलं. भक्तीनं मेलं. अति तिथे माती म्हणतात, तर इथे मातीचाही चिखल करून ठेवला तू.”

मी ओशाळले. त्यांनी तुळस उपटून, सडलेली मुळं कापून, कोरड्या मातीत लावली. आणि मग ती अट घातली, जिच्यावरून पुढे पुष्कळ कुरकूर झाली. रोप इथे राहील. पाणी आठवड्यातून एकदाच. पण ते ज्याचं त्याने येऊन घालायचं. दर रविवारी, अकरा ते एक. ते स्वतः कुणाच्या रोपाला थेंबभर पाणी घालणार नाहीत, आणि मेघनाही नाही.

“काका, तुम्ही तर इथेच असता,” मी म्हणाले.

“हौ. पण तुळस तुझी आहे न?”

सुरुवातीला चार कुंड्या आल्या. दुसऱ्या हिवाळ्यात सतरा-अठरा झाल्या. तुळशी, कढीपत्ते, एक मोगरा, एक गवती चहा. पलीकडच्या घरातली नोरा नावाची आयरिश आजी तिचं जिरेनियमचं रोप घेऊन आली, कारण तिच्या स्वयंपाकघरात ते कुजत होतं. ती दारातूनच विचारायची, “युअर मॅन आहे का?” हे इथलं बोलणं, ‘ते गृहस्थ’ अशा अर्थाचं. मेघनाला आधी वाटलं ही नवऱ्याबद्दल विचारतेय. मग कळलं, तो काकांचा उल्लेख होता. त्या दिवशी मेघना खूप दिवसांनी मोठ्यानं हसली.

काका या रविवारांना ‘आमचं हिवाळी अधिवेशन’ म्हणायचे. नागपूरकर माणूस, त्याला दुसरं काय सुचणार. पाणी घालायला दोन मिनिटं लागायची आणि लोक दोन तास बसायचे. मेघनाला दर रविवारी अकराच्या आत उठून, आंघोळ करून, चहा टाकून, वीस वेळा दार उघडावं लागायचं. नागपूरहून आणलेलं तर्रीचं तिखट घालून ती पोहे करायला लागली. माझी नऊ वर्षांची मुलगी गाडीत कुरकुरायची, “इट्स ओन्ली अ प्लांट, आई,” आणि तिथे पोचली की तीच सगळ्यात शेवटी निघायची.

आणि काका बोलायचे. हिवाळी बाग हा त्यांचा आवडता विषय. बाहेर बर्फ पडत असताना आत काचेखाली फुलवलेली बाग. नागपूरच्या उन्हाळ्यात, कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून, त्यांनी तीस वर्षं मुलांना थंड देशांतल्या या काचघरांबद्दल शिकवलं होतं. एकही न पाहता. ते सांगायचे, “सुरुवात कशानं झाली माहिताय? संत्र्यानं! थंड देशांतल्या राजांना संत्री पाहिजे होती. झाडं हिवाळ्यात मरायची. म्हणून मोठमोठ्या खिडक्यांचे दगडी महाल बांधले, संत्र्यांसाठी. आमच्या इकडे जे रस्त्यावर ढिगानं विकून राहिले, त्याच्यासाठी राजवाडे!” मग लोखंड आलं, मोठी काच आली आणि भिंती गळून पडल्या. मग शहरांनी आपल्या लोकांसाठी बांधली, तिथे वाद्यं वाजू लागली, कॉफी मिळू लागली. चित्रकार तिथे जाऊन बसायचे, कारण एकाच चौकटीत दोन ऋतू दुसरीकडे कुठे मिळणार?

कादंबऱ्यांबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज खाली यायचा.

“जुन्या कादंबऱ्या वाचा. मोठ्या दालनात मेजवानी चालू असते. सगळे हसतात, सगळे तुमच्या भाषेत ग्रँड असतात. अन् लेखकाला दोन माणसांना खरं बोलायला लावायचं असलं की तो काय करतो? त्यांना काचघरात पाठवतो. झाडं पाहायच्या निमित्तानं. घरात माणूस घरातल्यासारखा वागतो, बाहेर बाहेरच्यासारखा. ही जागा घर नाही अन् बाहेरही नाही. इथे कसं वागायचं हे कोणी ठरवलंच नाही. म्हणून तिथे मनातलं तोंडात येते.”

मी हे ऐकलं, पोहे खाल्ले आणि विसरून गेले. त्या माणसाला काय करायचं होतं ते माझ्या लक्षात यायला अजून वेळ होता.

पहिल्याच वर्षी जानेवारीत आम्ही त्यांना डब्लिनच्या वनस्पती उद्यानात नेलं होतं. तिथलं जुनं लोखंडी काचघर त्यांच्या तीस वर्षांच्या धड्यात होतं, काळ्यापांढऱ्या छायाचित्रातलं. बाहेर गारठा, आत उष्ण ओल. दारातून दोन पावलं आत टाकली आणि त्यांचा चष्मा पांढरा झाला. काहीच दिसेना. मी रुमाल पुढे केला.

“नको. थांब.”

तसेच उभे राहिले, आंधळ्यासारखे, तोंड थोडं वर करून. आजूबाजूने लोक वळसा घालून जात होते. हळूहळू काचांवरची वाफ कडांपासून आत आत सरकत गेली. आधी खाली ताडाचे बुंधे दिसले असावेत, मग पानं, मग वरची कमान. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते वाफेचं नव्हतं.

“तीस वर्षं शिकवलं,” ते म्हणाले, “अन् हे मला माहीतच नव्हतं. आत आलं की आधी काहीच दिसत नाही. पुस्तकात कोणी लिहिलंच नव्हतं न.” मग मेघनाकडे वळून म्हणाले, “पुसायचं नाही. थोडं थांबलं की आपोआप दिसते.”

तिने मान हलवली. ते काचघराबद्दलच बोलत होते, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. डब्लिनच्या सँट्री भागातून येणारा निखिल सॉफ्टवेअरमधला. एवढ्या लांब गाडी हाकायचा त्याला कंटाळा आला होता. “काका, यार, मतलब एका तुळशीसाठी अख्खा रविवार जातो,” असं म्हणत त्याने एक यंत्र आणलं. मातीत सुई खुपसायची, माती वाळली की फोनला कळतं, आणि बारक्या नळीतून मोजकं पाणी पडतं. सगळ्या कुंड्यांना त्याने नळ्या जोडून दिल्या. काका कौतुकाने पाहत होते, प्रश्न विचारत होते, त्याची पाठही थोपटली. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर नळ्या नीट गुंडाळून, पिशवीत घालून, निखिलच्या तुळशीशेजारी ठेवलेल्या.

“चालली नाही का, काका?”

“फारच छान चालली. घेऊन जा.”

निखिल हिरमुसला. मला मात्र राग आला. ते कुंड्यांपाशी एकटे सापडल्यावर मी त्यांना गाठलं. “काका, खरं सांगा. तुम्ही पाणी घातलंत तर काय रोपं मरणार आहेत?”

“काहून मरतील? चांगली जगतील.”

“मग यंत्र का नको? आम्हाला कशाला दर रविवारी नाचवता?”

त्यांनी मागे वळून पाहिलं. काचेच्या दारापलीकडे, स्वयंपाकघरात, मेघना कुणाशी तरी बोलत पोहे ढवळत होती.

“मी एक फेब्रुवारीला जातो,” ते म्हणाले. “इथे थंडी मार्चपर्यंत असते. तेवढे रविवार तिला दार उघडायला लागलं पाहिजे. ‘या न घरी कधी’ म्हटलं तर तुम्ही येत नाही. बरी माणसं आहात, पण येत नाही. मी पाहिलं होतं न. तुळस मरते म्हटलं की येता.”

मला तोंड लपवायला जागा नव्हती. चारी बाजूंनी काच.

तेवढ्यात मेघना डिश घेऊन आत आली. काकांनी तिच्या हातातून ती घेतली, म्हणाले, “तुम्ही दोघी तेवढी पिवळी पानं काढा, मी आलोच,” आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं. मला कादंबऱ्यांवरचं भाषण तेव्हा आठवलं. म्हाताऱ्याने लेखकाचं काम हाती घेतलं होतं.

आम्ही पानं काढू लागलो. छतावर पाऊस तडतडत होता. कढीपत्त्याचं एक पिवळं पान माझ्या हातात आलं आणि मी म्हणाले, “मेघना, मला दिसत होतं. त्या वर्षी. मी विचारायला हवं होतं.”

ती पानं खुडत राहिली. खुडता खुडताच बोलली. “ड्यूटी संपली की मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचे. घरी जायचं एक तरी कारण शोधायचे. मिळायचं नाही. कधी कधी दोन-दोन तास.” मग म्हणाली, “तुझी गाडी जाताना दिसायची मला. तू हात करायचीस.”

मी हात करायचे, हे खरं आहे. मी तिथेच त्या कुंड्यांमध्ये उभी राहून रडले, आणि सांत्वन तिने माझं केलं. असं उलटंपालटं झालं, पण झालं. त्या दिवसापासून ती मला ‘ग्रँड’ म्हणालेली नाही. बरी नसली तर बरी नाही म्हणते.

असे चार हिवाळे गेले. दर वर्षी एक फेब्रुवारीला निघायच्या सकाळी नोरा लव्हाळ्याचा विणलेला क्रूस घेऊन यायची. इथे तो संत ब्रिजिडचा दिवस आणि वसंताचा पहिला दिवसही. बाहेर गारा पडत असल्या तरी. काकांना हे फार आवडायचं. “हे बरं आहे न बाप्पा. झाडावर पान नाही, पण आपण जाहीर करून टाकायचं.” क्रूस काचेच्या खोलीच्या दारावर लावायचा, एकदा काचेची तब्येत विचारायची आणि विमानतळाकडे निघायचं.

पाचव्या वर्षी, गेल्या सप्टेंबरात, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मेघना नागपूरला धावली. महिन्याभरात ती परत आली, कारण त्यांनीच पाठवलं. बोलता येत नव्हतं, पण डाव्या हाताने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून त्यांनी दिवाळीनंतरच्या रविवारावर बोट ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. “पुन्हा पुन्हा तिथेच बोट,” ती मला सांगत होती. “हात काढेचनात. शेवटी म्हटलं, जाते बाबा, रोपं आत घेते.”

आम्ही धास्तावलो होतो. काका येण्याआधीचा तो हिवाळा परत येतो की काय, ही भीती प्रत्येकाच्या मनात होती आणि कोणी बोलत नव्हतं. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी कुंडी उचलून चार दारं चालत गेले. वाटलं, मीच एकटी असेन. रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या होत्या. निखिल डिकीतून त्याची तुळस उतरवत होता. मी घंटी वाजवायच्या आधीच मेघनाने दार उघडलं.

एक वाजता तिने नागपूरला फोन लावला. काचेच्या खोलीत सगळे दाटीवाटीने उभे राहिलो. पडद्यावर काका दिसले, उशीला टेकलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. तिने फोन फिरवून एकेक कुंडी दाखवली. ते पाहत होते. मग त्यांचा डावा हात हळूहळू वर आला, पुढे पुढे आला आणि आमच्याकडचा पडदा काळा झाला.

“काका, कॅमेरा झाकला गेलाय,” निखिल ओरडला. “हात काढा, काका.”

“काढू नका,” मेघना म्हणाली. आणि हलक्या आवाजात आम्हाला सांगितलं, “बाबा काच बघतायत.”

तीन-चार सेकंद असतील. पडदा काळाच होता. मेघनाने आपला हात उलटा करून फोनच्या काचेला टेकवला आणि म्हणाली, “ताप नाही, बाबा.”

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ते गेले. मेघनाला वेळेत पोचता आलं नाही. दिवस करून ती परत आली ती शुक्रवारी.

आणि आता माझा मूर्खपणा ऐका. पाच वर्षांत त्या माणसाने माझ्याकडून एकच गोष्ट गिरवून घेतली होती, तरी त्या शुक्रवारी मी ग्रुपवर काय लिहिलं? “या रविवारी कोणी जाऊ नये. तिला जरा एकटं राहू द्यावं.” सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. आपण फार समंजस माणसं आहोत. दहा मिनिटांनी मेघनाचाच निरोप आला. “रविवारी या. माती कोरडी पडली आहे.”

मी गेले. बाहेर पारा उतरलेला होता, आत माणसांनी आणि चहाने ऊब धरली होती. काचेच्या खोलीत पाऊल टाकताच माझा चष्मा पांढरा झाला. हात आपसूक रुमालाकडे गेला आणि मी तो थांबवला. उंबऱ्यावर तशीच उभी राहिले. कुणाचे तरी आवाज येत होते, माझ्या मुलीचा, नोराचा. दिसत काहीच नव्हतं. मग कडेकडेने वाफ सरली. खाली कुंड्या दिसल्या, ओल्या मातीच्या. मग तुळशी. मग निळं फ्लीस, त्याच्या बाह्या दुमडलेल्या, आणि मेघनाचा काचेला टेकलेला उलटा हात. तिचे डोळे मिटलेले होते.

“थंडी वाजतेय,” ती म्हणाली.

मग डोळे उघडून तिने माझ्याकडे पाहिलं आणि कोपऱ्यातली झारी माझ्या हातात दिली. “तुझी तुळस राहिली आहे.”